बीएसए एम-२०चा स्टिअरिंग डँपर: काढण्याआधी आणि काढताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली, युद्धकाळातली बीएसए एम-२० ही ब्रिटिश मोटारसायकल आपण पुन्हा चालती केली आहे. गल्लीबोळात आणि सिग्नलपाशी हळू चालवताना तिचे हँडल जड लागते, गाडी सरळ रेषेत न राहता सापासारखी डावी-उजवीकडे जाते, आणि हँडलच्या मधोमध असलेला स्टिअरिंग डँपरचा, म्हणजे हँडलच्या वळण्याला आवर घालणाऱ्या भागाचा, गोल नॉब गंजून असा बसला आहे की तो आवळताही येत नाही आणि सैलही होत नाही. हा डँपर कायमचा काढून टाकला तर चालेल का, काढल्यावर गाडी वेगात थरथरेल का आणि तो काढायचा कसा, असे आपण विचारले आहे.

काढला तर चालेल. साइडकार नसलेली, ६०-७० किलोमीटरच्या आत चालणारी आणि पुढचे बॉल रेस (हँडलचा दांडा ज्या बॉलच्या कड्यांवर फिरतो ती), फोर्क (पुढचे चाक धरणारा सांगाडा) व चाक ठाकठीक असलेली एम-२० डँपरशिवाय अगदी व्यवस्थित चालते. मात्र त्यापूर्वी हँडल खरोखर डँपरमुळेच जड आहे की नाही हे ठरवले पाहिजे, कारण माझ्याकडे ‘डँपर काढून द्या’ म्हणून आलेल्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा आजार डँपरमध्ये नव्हता, खालच्या बॉल रेसमध्ये होता. आणि काढायला घेतलाच, तर जो भाग फिरत्या फोर्कला स्थिर चौकटीशी जोडतो तो पूर्णपणे उतरवला पाहिजे. डँपर पूर्ण बसवलेला असणे सुरक्षित आहे आणि पूर्ण काढलेला असणेही सुरक्षित आहे. अर्धवट काढलेला डँपर मात्र धोकादायक आहे, आणि पुढचे सगळे सांगणे या एका गोष्टीभोवती फिरते.

डँपरची रचना समजली की काम निम्मे सोपे होते. वरच्या नॉबला एक लांब सळी जोडलेली असते आणि ती स्टिअरिंगच्या पोकळ दांड्यातून आरपार खाली जाते. फोर्कच्या खालच्या टीच्या (फोर्कला स्टिअरिंगच्या दांड्याशी जोडणाऱ्या आडव्या भागाच्या) बुडाशी तिच्यावर एक थर रचलेला असतो. त्यात आधी घर्षणाची एक चकती, मग पोलादी अँकर प्लेट, मग घर्षणाची दुसरी चकती, तिच्याखाली दाब देणारी थाळी व स्प्रिंग, आणि शेवटी सळीच्या आट्यांवर बसणारा नट असा क्रम सर्वसाधारणपणे सापडतो. अँकर प्लेटचे दुसरे टोक मागे चौकटीवरच्या खुंटीत अडकवलेले किंवा बोल्टने बांधलेले असते, त्यामुळे हँडल वळले तरी ती वळत नाही. तिच्या वरचे व खालचे भाग मात्र फोर्कबरोबर वळतात. नॉब आवळला की सळी खालचा नट वर ओढते, सगळा थर एकमेकांवर दाबला जातो आणि चकत्यांच्या घर्षणामुळे हँडल वळवायला जोर लागू लागतो. सळीच्या अगदी टोकाला एक स्प्लिट पिन असते, जिचे काम एवढेच की नॉब सैल होत गेला तरी नट रस्त्यात गळून पडू नये.

एक खुलासा येथेच करतो, कारण यात पुष्कळांची गल्लत होते. एम-२०च्या गर्डर फोर्कला (दुव्यांवर वर-खाली होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फोर्कला) बाजूने आणखी एक हाताने फिरवायचा नॉब असतो. तो फोर्कच्या वर-खाली हालचालीला आवर घालतो, हँडलच्या वळण्याशी त्याचा संबंध नाही, आणि त्याला या कामात हात लावायचा नाही.

आता हळू वेगात गाडी का हेलकावते, ते पाहू. दुचाकी तोल सांभाळते ती हँडलच्या अत्यंत बारीक, आपल्याला जाणवतही नाहीत अशा सुधारणांमुळे. गाडी डावीकडे कलू लागली की चाक किंचित डावीकडे वळते आणि गाडी पुन्हा उभी राहते. घर्षणाच्या डँपरचा मोठा दोष असा की स्थिर असलेल्या चकतीला हलवायला लागणारा जोर हलत्या चकतीला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो. म्हणजे ज्या बारीक हालचालींवर तोल अवलंबून असतो, नेमक्या त्याच हालचाली तो अडवतो. हँडल अडून राहते, स्वार जोर लावतो, ते एकदम सुटून गरजेपेक्षा जास्त वळते, मग उलट बाजूला तेच होते. आपण वर्णन केलेली सापासारखी चाल ती हीच. तेलावर चालणारा डँपर याच्या उलट वागतो. सावकाश हालचालीला तो जवळजवळ मोकळा सोडतो आणि झटक्याला अडवतो. बीएमडब्ल्यूने आपल्या आर-६९एसवर तेलाचा डँपर दिला तो उगाच नव्हे.

मग घर्षणाचा डँपर दशकानुदशके मोटारसायकलींवर राहिला कसा, हा प्रश्न रास्त आहे. स्वस्त, साधा, आणि स्वाराला चालत्या गाडीवर हाताने कमी-जास्त करता येणारा, ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू साइडकारची. साइडकार जोडलेल्या गाडीचे पुढचे चाक कमी वेगात फार थरथरते, आणि तिथे तोल सांभाळण्याचा प्रश्नच नसल्यामुळे घट्ट डँपरचा तोटा जाणवत नाही. एम-२०चीच थोरली बहीण एम-२१ ब्रिटनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशनच्या गस्तीवर साइडकारसह वर्षानुवर्षे धावली. एम-२० स्वतः १९३७ साली बाजारात आली, ४९६ घन सेंटिमीटरचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन आणि सुमारे १३ अश्वशक्ती घेऊन, आणि दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यातून ती सव्वा लाखाच्या आसपास संख्येने बाहेर पडली. युद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावातून यातल्या कित्येक गाड्या भारतातच राहिल्या, मिळेल त्या सुट्या भागांवर चालत राहिल्या, आणि आपल्या गाडीसारख्या आज पडवीतून बाहेर निघत आहेत. या दीर्घ प्रवासात कोणा ना कोणा मालकाने, बॉल रेस झिजल्यामुळे सुरू झालेली थरथर थांबवण्यासाठी, डँपर करकचून आवळून ठेवलेला असतो. रोग तसाच राहतो, वर बंदोबस्त होतो. म्हणूनच गंजून घट्ट बसलेला नॉब दिसला की मी आधी बॉल रेसवर संशय घेतो.

तपासणी अशी करा. गाडी मागच्या स्टँडवर घ्या आणि पुढचे चाक जमिनीपासून दोन-तीन इंच उचलले जाईल अशा बेताने चौकटीच्या भक्कम भागाखाली लाकडी ठोकळा द्या. इंजिनाच्या खोक्याला थेट टेकू देऊ नका. क्लच आणि ब्रेकच्या केबल ताणलेल्या नाहीत, कुठे अडकत नाहीत याची खात्री करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वळवा. सगळीकडे सारखेच जड लागले तर डँपरवर बोट ठेवता येते. मधोमध एखाद्या खाचेत बसल्यासारखे अडले आणि दोन्ही बाजूंना मोकळे झाले, तर वर्षानुवर्षे सरळ चालताना बसलेल्या दणक्यांनी बॉलचे ठसे रेसवर उमटले आहेत असे समजा. तो डँपरचा दोष नव्हे आणि डँपर काढल्याने तो जाणार नाही.

तरीही शंका राहिली, तर अँकर प्लेटचे मागचे टोक चौकटीपासून सोडवा. बोल्ट असेल तर काढा. नुसती खुंटी असेल तर थर जरा सैल होईपर्यंत थांबावे लागेल. टोक सुटले की संपूर्ण डँपर, नॉब गंजलेला असला तरी, फोर्कबरोबर एकसंध फिरू लागतो आणि त्याचे घर्षण हिशेबातून जाते. आता हँडल पुन्हा वळवून पाहा. फरक पडला, तर दोष डँपरचा. पडला नाही, तर बॉल रेसचा. दहा मिनिटांच्या या एका चाचणीने पुढच्या आठवडाभराच्या कामाची दिशा ठरते.

पण या अवस्थेत गाडी रस्त्यावर नेऊ नका. मी हे स्वतः करून बसलो आहे. उमेदवारीच्या काळात अशाच एका गर्डर फोर्कच्या गाडीची चाचणी घेताना अँकर प्लेटचा बोल्ट काढला, हँडल लोण्यासारखे वळू लागले, आणि त्या आनंदात ‘एक फेरी मारून येतो’ म्हणून निघालो. जाताना काही झाले नाही. परतताना देवळाच्या कोपऱ्यावर डावीकडे वळलो. मोकळी झालेली अँकर प्लेटची पट्टी तोवर फोर्कबरोबर थोडी थोडी फिरत बाजूला सरकली होती, तिचे टोक चौकटीच्या नळीवर जाऊन टेकले, आणि हँडल वळल्या जागी अडकले. ते परत सरळ होईना. वेग सायकलचा होता म्हणून कोपर आणि गुडघा सोलण्यावर निभावले. गाडी उभी करून खाली वाकून पाहिले तेव्हा पट्टीच्या टोकाने नळीचा रंग खरवडून काढलेली चंद्रकोरीसारखी चकचकीत रेघ दिसली. ती रेघ मला अजून आठवते, आणि म्हणून चाचणी झाल्यावर पट्टी पुन्हा बांधल्याशिवाय किंवा पूर्ण उतरवल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर जाऊ देत नाही.

दोष डँपरचाच ठरला असे धरून पुढे जाऊ.

पान्यांविषयी आधी बोलले पाहिजे, कारण या गाड्यांचे नट बिघडतात ते गंजापेक्षा चुकीच्या पान्याने. एम-२०वर मिलिमीटरचे पाने बसत नाहीत. तिला लागतात ते व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने, आणि त्यांच्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून मूळ बोल्टच्या जाडीचा असतो; १/४ लिहिलेल्या पान्याचे तोंड सुमारे १३.३ मिलिमीटर, ५/१६चे सुमारे १५.२ आणि ३/१६चे सुमारे ११.३ मिलिमीटर भरते. म्हणजे १३चा पाना चढत नाही, १४चा चढतो आणि कोपरे गोल करून टाकतो. आट्यांचेही तसेच आहे. या गाड्यांवर पुष्कळ ठिकाणी इंचाला २६ आटे असलेली सायकल-आट्यांची जुनी ब्रिटिश पद्धत वापरलेली आहे. ५/१६ इंचाच्या सळीची जाडी आणि बाजारातल्या ८ मिलिमीटरच्या बोल्टची जाडी जवळजवळ सारखी असल्यामुळे नवा नट दोन फेरे आनंदाने चढतो. तिसऱ्या फेऱ्याला जोर लागू लागतो आणि त्या जोरात सळीचे आटे जातात. म्हणून मूळ नट कितीही कुरूप दिसत असला तरी तो फेकू नका, रॉकेलमध्ये धुऊन जपून ठेवा.

काम सुरू करण्याच्या आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल द्या. वरून नॉबच्या कडेने सळीवर सोडलेले तेल पोकळ दांड्यातून खाली उतरते आणि ते बॉल रेसपर्यंत जात नाही, त्यामुळे वरून सढळ हाताने द्यायला हरकत नाही. खालून देताना मात्र फवारा न मारता ब्रशने नटावर आणि सळीच्या टोकावरच लावा, कारण फवारा खालच्या रेसमध्ये गेला तर तिथले ग्रीस धुऊन निघते. चकत्या तेलात भिजतील, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. त्या पुन्हा वापरायच्या नाहीत. दिवा लावून तापवण्याचा मोह येथे टाळा. टाकी हाताच्या अंतरावर असते आणि नॉब बेकेलाइटचा असेल तर तो तडकतो. टाकीवर एक जाड गोधडी मात्र घाला. पाना एकदा तरी निसटतोच.

सकाळी सुरुवात खालून करायची, वरून नाही. ही चूक फार होते. नॉब डोळ्यांसमोर असतो म्हणून लोक आधी त्यालाच भिडतात, आणि टोकाची स्प्लिट पिन जागेवर असताना नॉब जोराने उलटा फिरवला की नट त्या पिनेवर जाऊन आदळतो, पिन अर्धवट कातरली जाते आणि तिचे तुकडे आट्यांत रुततात. आधी पिनेची वाकवलेली टोके पक्कडीने सरळ करा, डोक्याकडून बारीक पंचाने हलके ठोका आणि ओढून घ्या. ऐंशी वर्षांची पिन बहुधा मोडते. मोडली तर घाई न करता, सळीच्या भोकात राहिलेल्या तुकड्याच्या मधोमध खूण करून, भोकापेक्षा बारीक ड्रिलने तो पोखरून काढा. तिथे दहा मिनिटे जास्त गेली तरी चालतील.

मग एका हाताने खालचा नट किंवा दाबाची थाळी पान्याने धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने, शक्यतो सोबत्याकडून, नॉब वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. खालचा भाग काही गाड्यांत टीच्या खाचेत बसलेला असल्याने आपोआप स्थिर राहतो. पण खाच झिजली असेल तर तो सळीबरोबर गोल फिरत राहतो आणि वरचा माणूस ‘सुटतोय, सुटतोय’ म्हणत उगाच खूश होतो. नॉबला पाइपपाना लावू नका. टायरच्या जुन्या ट्यूबची पट्टी दोन वेढे घालून गुंडाळा आणि ती धरून पिळा. पकड आश्चर्य वाटावे इतकी चांगली बसते आणि नॉबवर ओरखडा उठत नाही. सुटण्याची पहिली खूण हाताला कळते. एक बारीक ‘टक्’ होते आणि गंजाची तपकिरी भुकटी खाली पडते. तेवढ्यावर थांबा, पाव फेरा परत आवळा, पुन्हा तेल द्या, पुन्हा अर्धा फेरा सोडवा. असे मागे-पुढे करत गेल्यास आट्यांतला गंज बाहेर येतो. एकाच दिशेने रेटल्यास तोच गंज आट्यांत कोंबला जातो.

नट सुटत आला की खाली ताट किंवा उलटी टोपी धरा. स्प्रिंग, थाळी, चकत्या, गॅरेजच्या भाषेत ज्याला वायसर म्हणतात ते सगळे एकदम खाली येते आणि कोण कोणावर होते हे मग कोणालाच सांगता येत नाही. मी प्रत्येक भाग उतरेल तसा एका तारेत, उतरला त्याच क्रमाने ओवून ठेवतो आणि तारेच्या वरच्या टोकाला गाठ मारतो. फोटो घ्यावेतच, पण तारेतला क्रम फोटोपेक्षा खात्रीचा असतो. आता अँकर प्लेट चौकटीपासून सोडवून बाहेर काढा, आणि सर्वात शेवटी सळी वरून उचलून घ्या.

सळी येत नसेल, तर ती दांड्याच्या आत गंजली आहे किंवा किंचित वाकली आहे. मूळ नट सळीच्या टोकाशी सपाट येईल इतकाच परत चढवा, त्याखाली पितळी किंवा तांब्याचा तुकडा धरून वरच्या दिशेने हलके ठोके द्या. नटाशिवाय उघड्या टोकावर हातोडी मारली तर टोक पसरते आणि मग ती सळी दांड्यातून कधीच बाहेर येत नाही. असा पसरलेला आटा कानशीने घासत बसलेले मेस्त्री मी पाहिले आहेत. ठोक्यांनी हलली नाही तर आणखी एक रात्र तेलात राहू द्या. सळीची घाई नाही, कारण अँकर प्लेट उतरल्यावर ती कोणाला अडवत नाही.

चकत्यांविषयी मात्र गंभीरपणे सांगायचे आहे. त्या काळातल्या घर्षणाच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई, आणि तुमच्या हातात आलेली चकती कोणत्या साल-मालाची आहे हे नुसते बघून ठरवता येत नाही. म्हणून ती पॉलिश पेपरने कोरडी घासू नका, कंप्रेसरची हवा मारू नका, भुकटी फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडके आणि चकत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा. पुढे कधी डँपर परत बसवायचा झाला तर अॅस्बेस्टॉसविरहित अस्तराच्या नव्या चकत्या कापून घेता येतात.

डँपर निघाला. आता खरे काम.

चाक अजून हवेतच आहे, तेव्हा हँडल मधोमध ठेवून बोटाने हलकासा धक्का द्या. बॉल रेस ठीक असतील तर फोर्क आपल्याच वजनाने डावीकडे किंवा उजवीकडे पडतो, मध्ये कुठे थबकत नाही. मग फोर्कचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. ‘खट्’ असे जाणवले तर रेस ढिल्या आहेत. डँपर आवळलेला असताना ही ढिलाई हाताला कळतच नाही, त्यामुळे आजवर ती लपून राहिलेली असणे शक्य आहे. रेस आवळताना ध्यानात ठेवा की या गाडीत पिंजऱ्याशिवायचे सुटे बॉल असतात. वरचा नट गरजेपेक्षा जास्त सोडला तर फोर्क खाली सरकतो आणि खालच्या रेसमधले बॉल टपटप फरशीवर गळतात. खाली पांढरे कापड अंथरून ठेवलेले बरे. ठसे उमटलेल्या रेस आवळून दुरुस्त होत नाहीत, त्या बदलाव्याच लागतात, आणि बदलताना बॉलही सगळे नवेच घालावेत.

गर्डर फोर्कच्या सांध्यांकडे तर फारच थोडे लोक पाहतात. वरच्या व खालच्या दुव्यांच्या पिनांवर कडेला बारीक खाचा पाडलेले वॉशर असतात. दोन्ही टोकांचे नट सैल करून पिन फिरवली की आडवी ढिलाई कमी-जास्त होते, आणि मोजमाप सोपे आहे: तो खाचांचा वॉशर बोटांनी जेमतेम फिरला पाहिजे. सहज गरगर फिरला तर सांधा ढिला, अजिबात फिरला नाही तर फोर्क जाम. नट आवळल्यावर वॉशर पुन्हा तपासा, कारण आवळताना पिन थोडी फिरते. हे सांधे ढिले असतील तर पुढचे चाक आडवे लचकते, आणि ज्याला लोक ‘डँपर काढल्यामुळे सुरू झालेली थरथर’ म्हणतात ती पुष्कळदा इथूनच येते.

काढलेल्या जागी काय ठेवायचे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. वरचे भोक उघडे ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात पाणी थेट पोकळ दांड्यात उतरते आणि आतून गंज लागतो. रबरी बूच चालते, पण हँडलच्या मधोमध काळे बूच बसवलेली एम-२० बघवत नाही. मी नॉब आणि सळी साफ करून, ग्रीसचा हात फिरवून, मूळ जागी परत घालतो. खाली स्प्रिंग, थाळी आणि नट असतो, चकत्यांच्या जागी तेवढ्याच जाडीचे साधे पोलादी वॉशर असतात, आणि टोकाला नवी स्प्लिट पिन. अँकर प्लेट मात्र नसते. फोर्कला चौकटीशी जोडणारे काहीच उरत नसल्याने नॉब कितीही आवळला तरी हँडलवर परिणाम होत नाही. गाडी मूळची दिसते, आणि कोणी उत्साहाने सिग्नलला नॉब पिळला तरी बिघडत नाही. नट खडखडणार नाही एवढाच आवळायचा आणि हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवून खाली काही घासत नाही हे डोळ्यांनी पाहायचे.

पहिली फेरी रिकाम्या, सपाट रस्त्यावर घ्या आणि दोन्ही हात हँडलवर ठेवा. २० किलोमीटरला गाडी आपोआप सरळ जाऊ लागली, तर निम्मी शंका मिटली. मग ३०, ४०, ५०, ६० असा वेग टप्प्याटप्प्याने वाढवा. ६०वरून थ्रॉटल सोडून वेग आपोआप उतरू देताना हाताची पकड हलकी ठेवा. थरथर यायची असेल तर बहुधा वेग उतरतानाच येते. हँडलची जलद थरथर, सेकंदाला साधारण ६ ते १० वेळा होणारी, पुढच्या चाकाची, टायरची किंवा बॉल रेसची चुगली करते. संपूर्ण गाडीच सेकंदाला २ ते ४ वेळा डुलत असेल तर मागचे चाक, पुढच्या चाकाशी असलेली त्याची रांग आणि त्याचे बेअरिंग पाहा. तिथे स्टिअरिंग डँपरने काडीचा उपयोग होत नाही. थरथर सुरू झालीच तर हँडल करकचून धरू नका आणि पुढचा ब्रेक दाबू नका. अंग थोडे पुढे झुकवा आणि वेग सावकाश उतरू द्या.

साइडकार जोडण्याचा विचार असेल तर वरचे सगळे बाजूला ठेवा आणि डँपर दुरुस्त करून परत बसवा. साइडकारसाठी पुढच्या चाकाची भूमितीच वेगळी लागते. बीएमडब्ल्यूने आपल्या अर्ल्स पद्धतीच्या पुढच्या फोर्कच्या सांध्यासाठी सोलो (साइडकारविना) आणि साइडकार अशा दोन वेगळ्या जागा दिल्या होत्या. एम-२०च्या गर्डर फोर्कवर तशी सोय नाही, तेव्हा साइडकारसह चालवताना चाकाची थरथर रोखायला हातात उरतो तो हा डँपरच.

एवढे करूनही ५०च्या आसपास हँडल हलत राहिले, तर चाक फिरवून टायरच्या कडेची बारीक उठावदार रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते पाहा. १९ इंची जुन्या रिमवर नवा टायर हाताने चढवला की तो एका बाजूला खोल बसण्याची शक्यता फार असते. हवा पूर्ण सोडा, कडेला साबणाचे पाणी लावा, टायर हाताने दाबत सारखा करा आणि पुन्हा हवा भरून रेघ तपासा.